चारमँडर पुन्हा लहान कसा झाला?

मालवणच्या तिघा कॉलेजच्या मुलांचा प्रश्न आहे. मुलांचे जोडीदार जीव लढताना रूप बदलून मोठे होतात अशा 'पोकेमॉन' आणि 'डिजिमॉन' या जपानी ॲनिमेशन मालिका त्यांनी पहिल्यापासून पुन्हा पाहिल्या आणि कथानकातल्या, सलगतेतल्या चुकांची यादी केली. ती साठाच्या वर गेली. आता तिघं मिळून स्वतःची मालिका लिहितायत. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या घरातली एक मुलगी आणि वेळासच्या वाळूत कासवांच्या अंड्यांबरोबर जन्मलेला एक जीव, अशी जोडी आहे. एवढ्या मोठ्या मालिकांचे लेखक इतके बेफिकीर कसे, आणि आपल्या हातून असं होऊ नये म्हणून काय करायचं, असं त्यांनी विचारलंय. सोबत पहिल्या सहा भागांचं लेखन जोडलंय.

तुमची यादी मी दोन रात्री बसून वाचली. मेहनत दिसते, आणि यादी करताना तुमचा जीव तुटलाय हेही दिसतं. आवडत्या मालिकेतली चूक जिव्हारी लागते. तरीही 'बेफिकीर' हा शब्द मागे घ्या असं मी सांगेन. बावीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी मुंबईत डबिंगच्या संहिता तपासायचो, मग ॲनिमेशन मालिकांची कंटिन्युइटी बघायला लागलो, आता वेंगुर्ल्याला घरी बसून तेच करतो. एका भागावरून किती हात फिरतात आणि चूक कुठल्या हातातून सुटते, हे जवळून पाहिलंय. तुमच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त चुका लेखकाच्या टेबलावर झालेल्याच नाहीत.

तुमच्या यादीतली पहिलीच घ्या. 'पोकेमॉन'चा नायक ॲश, त्याचा शेपटीवर ज्योत असलेला जीव चारमँडर वाढून चारमेलियन झाला, मग चारिझार्ड झाला, ॲशचं ऐकेनासा झाला. आणि पुढे एका बर्फाच्या भागात तोच पुन्हा लहानगा चारमँडर होऊन, शेपटीची ज्योत घेऊन ॲशला ऊब देत बसलेला. तुम्ही त्यापुढे लाल शाईने तीन उद्गारचिन्हं दिलीत. आता काय घडलं ते ऐका. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोरिगॉन नावाच्या पोकेमॉनचा भाग लागला. त्यात लाल आणि निळा प्रकाश भराभर लपलपत होता आणि तो बघून ६०० हून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. मालिका तिथेच थांबवली. ती पुन्हा सुरू झाली १६ एप्रिल १९९८ ला. मधल्या चार महिन्यांत नाताळ येऊन गेला होता. डिसेंबरसाठी केलेला नाताळचा भाग आणि त्याच्या जोडीचा बर्फाचा भाग तयार होऊन पडून होते. एप्रिलमध्ये नाताळ कोण दाखवणार? ते दोन्ही भाग अखेर ५ ऑक्टोबर १९९८ ला दाखवले. तोवर चारमँडर पडद्यावर चारिझार्ड होऊन गेला होता.

म्हणजे लेखकाने क्रम बरोबर लावला होता, चित्रकारांनी बरोबर काढलं होतं. मुलं आजारी पडली म्हणून मालिका थांबली आणि क्रम मोडला. मला विचाराल तर थांबवली ते योग्यच केलं. यात मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. लपलपणारा तो प्रकाश ॲशच्या जोडीदाराच्या, पिकाचूच्या विजेचा होता, आणि मालिकेतून कायमचा बाजूला पडला तो बिचारा पोरिगॉन.

टॉरोसचंही असंच. ऑरेंज बेटांच्या अंतिम लढतीत ॲश एकदम टॉरोस हा बैलासारखा पोकेमॉन बाहेर काढतो, हा कधी पकडला, असं तुम्ही विचारता. पकडला होता, एक नाही, तीस. सफारी झोनच्या भागात. पण त्या भागात तिथला रखवालदार मुलांवर बंदूक रोखतो, म्हणून इंग्रजी आवृत्तीत तो भाग घेतलाच नाही. आपल्याकडची हिंदी इंग्रजीवरून केलेली, त्यामुळे आपल्यालाही तो दिसला नाही. जपानी मुलांसाठी यात काही भोक नव्हतं. डबिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाने एखाद्या वाक्यात, 'आठवतं, सफारीत तीस मिळाले होते?' एवढं टाकलं असतं तर भोक बुजलं असतं. मी स्वतः डबिंगमध्ये असताना अशी किती वाक्यं पेरली आहेत! ओठ हलताना दिसत नाहीत अशी जागा शोधायची, पात्र पाठमोरं असेल किंवा दूर उभं असेल तिथे, आणि हरवलेल्या भागाची आठवण दोन शब्दांत घालायची.

तुमच्या यादीतली एक नोंद तर मालिकेची चूकच नाही. 'पिकाचूच्या शेपटीचं काळं टोक कधी आहे, कधी नाही.' शेपटीचं टोक काळं कधीच नव्हतं. काळी आहेत ती कानांची टोकं, आणि शेपटी बुडाशी तपकिरी आहे. जगभर असंख्य लोकांना ते काळं टोक आठवतं. डोळे कानांचा काळा रंग शेपटीला देऊन टाकतात. म्हणून यादी करताना प्रत्येक नोंद पुन्हा पडद्यावर बघून लिहायची, आठवणीवरून लिहायची नाही. 'डिजिमॉन'च्या दुसऱ्या पर्वातल्या केन या मुलाला वाळवंट आठवतं आणि त्यात र्‍यो नावाचा अनोळखी मुलगा दिसतो, तेही तुम्ही चुकांत धरलंय. तो मुलगा वंडरस्वान नावाच्या हातातल्या खेळयंत्रावरच्या गेममधून आलेला. ते यंत्र मुख्यतः जपानमध्येच विकलं गेलं. त्याला चूक म्हणवत नाही, पण मुलांवर अन्याय मात्र झाला. मालिकेचा अर्थ समजायला दुसरी वस्तू विकत घ्यावी लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

चित्रातल्या चुकांबद्दल फार लिहीत नाही. पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, जखम या कानावरून त्या कानावर जाते. यातल्या बऱ्याच चुका शॉट आरशासारखा उलटा केल्याने होतात. पात्र डावीकडे चाललेलं काढलं, मग दिग्दर्शकाला ते उजवीकडे जायला हवं झालं, वेळ नव्हता, चित्र उलटवलं. मी काम केलेल्या एका मालिकेत एका पिल्लाचा डावा कान फाटका होता. एक अख्खा पाठलाग उलटवला गेला आणि उजवा कान फाटका झाला. मी रीटेकच्या यादीत घातलं, पण उशीर झाला होता, भाग तसाच गेला. पंधरा दिवसांनी एका लहान मुलीचं पत्र आलं, त्यात तिने कान काढून दाखवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'याला दुसऱ्यांदा कोणी मारलं?' ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. तिला चूक दिसलीच नव्हती. तिला दुसरी जखम दिसली होती आणि ती त्या पिल्लासाठी घाबरली होती.

त्या पत्रानंतर मी माझ्या वहीत वेगळे रकाने आखले. आधी कपडे, रंग, वस्तू, हवामान असे रकाने होते. ते ठेवलेच, पण पहिल्या पानावर दोन नवे घातले. एक 'किंमत', दुसरा 'शब्द'. किंमत म्हणजे या जीवाला बळ मिळतं तेव्हा काय खर्ची पडतं. शब्द म्हणजे मुलाने जीवाला किंवा जीवाने मुलाला काय कबूल केलंय. जोडीदार जीवांच्या मालिका या दोन गोष्टींवर उभ्या असतात. बाकी चुका मुलं माफ करतात, या दोन ठिकाणच्या करत नाहीत. यादीतल्या साठपैकी खऱ्या गंभीर मला चार-पाचच वाटल्या आणि त्या सगळ्या या दोन रकान्यांतल्या निघाल्या.

किंमत नीट पाळली तर काय होतं ते 'डिजिमॉन ॲडव्हेंचर'मध्ये बघा. मालिका मार्च १९९९ ते मार्च २००० चालली, भाग ५४. त्यात मुख्य मुलगा ताईची आपला जोडीदार जीव अगुमॉन याला जबरदस्तीने वरच्या पायरीवर चढवायला जातो. खाऊ घाल, लढायला लाव, वाढ, वाढ. आणि तो वाढतो तो हाडांचा सापळा होऊन, स्कलग्रेमॉन होऊन, आणि आपल्याच माणसांवर उलटतो. पुढच्या भागात सगळं जागेवर आलं असतं तर मी ती मालिका तिथेच सोडली असती. तसं झालं नाही. खरी वाढ व्हायला आणखी चार भाग जावे लागतात. त्या भागात विजेने भारलेल्या जाळीपलीकडे मैत्रीण अडकलेली असते आणि ताईचीचा पाय उचलत नाही. तोवर सगळा खेळ वाटत होता, आता इथे आपण मरू शकतो हे त्याला कळलंय. मग भीती गिळून तो पुढे होतो, आणि त्यानंतर अगुमॉनचं खरं मोठं रूप, मेटलग्रेमॉन येतो. सलगता मी हिला म्हणतो. तिथे सदऱ्याचा रंग बदलला असता तरी माझ्या लक्षात आलं नसतं.

त्याच मालिकेतल्या वेळेच्या हिशोबालाही तुम्ही 'गोंधळ' म्हटलंय. पुन्हा एकदा बघाच. मुलं १ ऑगस्ट १९९९ ला उन्हाळी शिबिरातून दुसऱ्या जगात ओढली जातात. तिथे किती दिवस भटकतात, लढतात. आणि ताईची मध्येच घरी येऊन पडतो तर टोकियोत अजून १ ऑगस्टच. तिथले दिवस म्हणजे इथली मिनिटं. नियम सांगून टाकणं सोपं असतं, लेखकांनी तो पुढे भरलाही. सगळी मुलं टोकियोत परततात आणि दोन-तीन दिवस तिथल्या लढाईत अडकतात. त्या दोन-तीन दिवसांत पलीकडे वर्षं उलटतात, नवे चार सत्ताधीश येऊन सगळं जग पिळून त्याचा एक डोंगर करून टाकतात, ओळखीचे जीव मेलेले असतात. म्हणजे घरी राहण्याचीसुद्धा किंमत पडली. शेवटी दोन्ही जगांचा वेळ सारखा होतो, म्हणून तर दुसऱ्या पर्वातली मुलं शाळा सुटल्यावर पलीकडे जाऊन जेवायच्या वेळेला घरी येऊ शकतात. एका नियमावर दोन पर्वं तोलून धरलीयत. हे मी शिकवायला घेतो तेव्हा माझा आवाज चढतो, इतकं मला ते आवडतं.

आता शब्दाचा रकाना. ॲशने पिजट या आपल्या पक्षी-पोकेमॉनला जंगलात पाखरांच्या थव्याची राखण करायला ठेवलं आणि सांगितलं, परत येईन. जपानमध्ये तो भाग १९९९ च्या सुरुवातीचा. त्यानंतर ॲश गावाकडे कितीदा आला, त्याच रस्त्याने गेला, पण पिजटकडे गेला नाही. माझ्यापाशी शिकायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीत कोणीतरी एक असतोच, जो ॲनिमेशनवर बोलता बोलता 'आणि पिजट?' म्हणतो. २०२३ मध्ये ॲशच्या गोष्टीचे शेवटचे ११ भाग आले आणि त्यात पिजट परत आला. २४ वर्षं! या मधल्या काळात ॲश दहा वर्षांचाच राहिला, हे तुम्ही यादीत चौथ्या क्रमांकावर घेतलंय. माझ्या मते त्यात चूक काही नाही. मुलं वाढतात, नवी दहा वर्षांची मुलं टीव्हीसमोर येऊन बसतात, त्यांच्यासाठी तो दहाचा राहतो. हा करार १९९७ पासून उघड आहे. पिजटशी केलेला करारही तितकाच उघड होता, आणि तो इतकी वर्षं पाळला गेला नाही. म्हणून माझ्या वहीत ती सगळ्यात मोठी चूक आहे, आणि तिची भरपाई झाली म्हणून मला त्या शेवटच्या भागांबद्दल आदर आहे.

'डिजिमॉन'मध्ये याला जोड शोधायची तर २०१५ पासून आलेल्या 'ट्राय' या सहा चित्रपटांत सापडेल. सुरुवातीलाच दुसऱ्या पर्वातली चार मुलं पडताना दिसतात. त्यांचे जुने मित्र मग किती वेळा त्यांची चौकशी करतात? जवळजवळ नाहीच. तुम्ही हे यादीत 'पात्रं गायब' असं एका ओळीत लिहिलंय. त्यावर दोन पानं लिहायला हवी होती. पात्रं गायब होणं चालतं, नट मिळत नाही, कथेत जागा नसते. पण मैत्रीवर उभी असलेली गोष्ट आणि मित्र विचारत नाहीत, तिथे पाया खचतो. कोणी एकाने रोज एक फोन लावला असता आणि तो लागला नसता, एवढ्याने काम झालं असतं.

आता तुमच्या लेखनाकडे येतो.

पहिली गोष्ट किनाऱ्याची. पहिल्या भागाच्या शेवटी 'सिंधुदुर्गाच्या तटामागून समुद्रातून सूर्य उगवतो' असं आहे. मालवणची मुलं तुम्ही, रोज बघता. आपला सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तो जमिनीकडून, घाटावरून. पडद्यावर पूर्वेकडच्या समुद्राची इतकी चित्रं बघितलीयत की हात आपोआप तसं लिहितो. जपानी मालिका बघून लिहिताना हे फार होतं. सकाळच हवी असेल तर मुलीला किल्ल्यात न्या आणि तटावरून मालवणच्या माडांमागून सूर्य वर येताना दाखवा. ते जास्त सुंदर दिसेल, आणि आजवर कोणी फारसं काढलेलं नाही.

दुसऱ्या भागात अष्टमीच्या पहाटे सहाला मुलगी लांबच लांब ओल्या वाळूवरून धावते. इथे मी तुम्हाला माझ्या घराशेजारच्या एका म्हाताऱ्या रापणकराकडे घेऊन जातो. काही वर्षांपूर्वी मी त्यांना असाच एक स्टोरीबोर्ड दाखवला होता. कागद डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "आज आठम. सकाळी सहाक भरती पुरी. ही वाळू खंयसून इली?" तिथीची पाऊणपट, हा हिशोब तुमच्या आजोबांना विचारा. अष्टमी म्हणजे आठाचे सहा, सहाला पूर्ण भरती. चतुर्थीला तीनला. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. गावागणिक थोडा फरक, पण लिहिणाऱ्याला पुरेसा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, म्हणजे 'लांबच लांब वाळू' त्या दिवशी ओहोटीलाही मिळणार नाही. तुम्हाला ते दृश्य हवंच असेल तर पौर्णिमा घ्या, उधाणाचं पाणी, आणि पहाटे सहालाच ओहोटी मिळते. एका तिथीने सगळं जुळतं.

तसंच अंड्याचं. जीव वेळासला श्रावणात जन्मतो असं आहे. तिथली ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात ती साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. श्रावणात ती वाळू लाटांखाली असते. फाल्गुन करा, म्हणजे शिमग्याची पालखीही दाखवता येईल. जून-जुलैत मुलीचा बाप मासेमारीला होडी घेऊन गेलेला दाखवलाय तेही काढा, यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्याला जाळी विणत ओसरीवर बसवा. आणि आईच्या लहानपणीच्या आठवणीत, १९९५ च्या, ती कणकवलीहून रेल्वेने मुंबईला जाते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. तिला एसटीत बसवा. रात्रभराचा तो प्रवास गोष्टीला जास्त उपयोगी पडेल.

यातली एकही चूक मी 'गंभीर' म्हणत नाही, पेन्सिलीने दुरुस्त होतील. गंभीर एकच आहे.

दुसऱ्या भागात तो जीव पहिल्यांदा मोठा होतो, बुडणाऱ्या होडीला पाठीवर घेतो आणि परत लहान होतो तेव्हा त्याची वाचा गेलेली असते. हे तुम्ही फार सुंदर लिहिलंय. मुलगी त्याला हाका मारते, तो तोंड उघडतो, आवाज नाही. मी वाचताना थांबलो होतो. मग तिसऱ्या भागात दोघांची खुणांची भाषा तयार होते, शिंपला दोनदा वाजवला तर 'हो', एकदा वाजवला तर 'नाही'. आणि सहाव्या भागात तो बोलतो. सरळ वाक्य बोलतो, 'घाबरू नको, मी आहे.' मधल्या भागांत वाचा परत आल्याचं कुठेच नाही. तुम्ही मला पत्रात विचारलंय, 'पाचव्या भागात एखाद्या जादूच्या पाण्याने ती परत आली असं दाखवलं तर चालेल का?'

चालणार नाही. पाणी लावलंत तर दुसऱ्या भागातली ती हाक फुकट जाईल. बघणारी मुलगी पुढच्या वेळी जीवाने काही गमावलं तर घाबरणार नाही, तिला माहीत असेल की पाणी आहे. तुमच्या पहिल्या पानावर 'किंमत' या रकान्यात लिहा, 'वाचा. परत मिळत नाही.' मग सहाव्या भागातलं ते वाक्य खोडा आणि त्याच जागी शिंपला ठेवा. काळोख आहे, लाटांचा आवाज आहे, मुलीला काही दिसत नाही. ती विचारते, 'तू हयसर आसस?' आणि शिंपला दोनदा वाजतो.

तो प्रसंग पुन्हा लिहून पाठवा. सोबत त्या रात्रीची तिथीही लिहा, म्हणजे लाटा किती जवळ ठेवायच्या ते ठरवता येईल.